सातच्या मोटारीचे नाकेदार

उज्जैनच्या देवास गेटवर सकाळी पावणेसातच्या सुमाराला एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध उजवा हात आडवा करून उभा राहायचा. मोटार अजून पंचवीस पावलांवर असली तरी त्याचा हात आडवाच. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, टांगेवाले शिव्या हासडायचे, देवदर्शनाला आलेली खेड्यातली मंडळी भिऊन बाजूला व्हायची, पण म्हातारा जागचा हलायचा नाही. मोटार त्याच्या धोतरापासून हातभर अंतरावर येऊन थांबली की मग तो हात खाली घ्यायचा आणि म्हणायचा, "हां. आता बोल, माझी तीन माणसं कुठे बसवून राहिलास?"

हेच आमचे नाकेदार. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहून उपयोग नाही. त्या नावानं त्यांना उज्जैनात कुणीच ओळखत नव्हतं.

संस्थानं होती तेव्हा उज्जैन एका राज्यात आणि इंदूर दुसऱ्या राज्यात. दोहोंच्या मधे पस्तीसएक मैलांचा रस्ता, आणि सांवेरच्या अलीकडे कुठेतरी आमच्या राज्याची हद्द संपायची. तिथे नाका होता. एक आडवा बांबू, एक चौकी, एक कडुलिंब आणि हे. तूप, कापड, कापूस, अफू, काय इकडून तिकडे जातंय ते बघायचं आणि बांबू वर करायचा, किंवा करायचा नाही. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. मग स्वातंत्र्य आलं, दोन्ही राज्यं मध्य भारतात मिसळली, आणि एके दिवशी तो बांबू कुणीतरी चुलीत घातला. हद्दच उरली नाही तर नाकेदार कशाला हवा? सरकारनं त्यांना घरी बसवलं. ते काही घरी बसले नाहीत. देवास गेटमागे माळीपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या आणि रोज सकाळी येऊन रस्त्यात उभे राहायला लागले.

"नाका तो गया, पर हाथ नहीं गया," असं तिथला पानवाला म्हणायचा. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मीही त्या लोकांतलाच. कचेरीत जाताना मी सायकलवरून त्यांच्या बाजूनं जायचो आणि मनातल्या मनात हसायचो. हसणाऱ्यावर पुढे काय पाळी येते हे हसताना कुणाला माहीत असतं!

ते उभे राहायचे ते सिकाईवाल्यांसाठी. इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात तेव्हा एक यंत्र आलं होतं. कुणी त्याला वीज म्हणे, कुणी किरण. उज्जैनात सगळे सिकाई म्हणत. ज्या दुखण्याचं नाव घरात घ्यायचं नाही, त्यावरचा उपाय म्हणजे सिकाई, आणि ती दिवसाआड, दीड-दोन महिने. यंत्र इंदुरात, दुखणं उज्जैनात. दवाखान्यात खाटा थोड्या, इंदुरात ज्याचे नातेवाईक नाहीत त्यानं सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. रेल्वेच्या वेळा दवाखान्याच्या वेळेशी जुळत नसत. उरली मोटार. तिच्यात तुपाचे डबे, कोंबड्यांच्या टोपल्या, यात्रेकरूंची गाठोडी, टपावर माणसं. त्यात ज्याच्या पोटात आग पडलेली आहे त्या माणसानं बसायचं कुठे, आणि यंत्राखालून निघाल्यावर परत यायचं कसं, याचा विचार ना डॉक्टर करत, ना मोटारवाले. तो नाकेदार करत.

मोटारीत कुठे बसलं म्हणजे हिसके कमी लागतात, याचा शोध त्यांनी स्वतः लावला होता. ड्रायव्हरला विचारून हे कळत नाही, कारण ड्रायव्हर जन्मभर एकाच जागी बसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन इंदूरच्या खेपा करायचे. एका खेपेला एक बाक. परत यायचे तेव्हा धोतर ओलंचिंब, आणि पानवाला विचारायचा, "नाकेदार साब, आज कहाँ तक सूखे रहे?" शेवटी निकाल लागला. डाव्या हाताचं तिसरं बाक, खिडकी सोडून आतली बाजू. तिथे सांवेरला पोचेपर्यंत निम्मा तांब्या उरतो. मागच्या चाकावर बसलं तर गाव सुटायच्या आतच रिकामा. तेव्हापासून ते तिसरं बाक सिकाईवाल्यांचं झालं. तशी कुठे पाटी नव्हती, कुणाचा हुकूम नव्हता. पण या रस्त्यावरचा एकही ड्रायव्हर असा नव्हता ज्याला नाकेदारांनी कधी ना कधी बांबूपाशी उभं केलं नव्हतं. नाका मोडला तरी ती भीती त्यांच्या अंगात राहिली होती, आणि म्हातारा तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा.

वागण्यात गोडवा म्हणाल तर शून्य. कुणी उशिरा आलं तर देवास गेटच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असे ओरडायचे. एका वकिलाच्या आजारी वडिलांना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमचा मुलगा कोर्टात टाइमावर जातो का? मग इथंच काय झालं त्याला?" दुखण्याची चौकशी कधी करायचे नाहीत. कसं आहे, बरं वाटतं का, देव बघून घेईल, असलं काही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. त्यांचे प्रश्न ठरलेले: बसवेल की आडवं लागेल? उलटी होते का? लघवीला किती वेळानं? बाईमाणूस असली तरी हेच. पहिल्यांदा एका घरंदाज बाईंना असं विचारलं तेव्हा त्यांचे यजमान अंगावर धावून गेले होते. नाकेदार म्हणाले, "माझ्याशी लाजून काय होणार? मोटार लाजत नाही." बायकांच्या अशा उत्तरांवरूनच त्यांनी सांवेरच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या विहिरीपाशी मोटार थांबवायची व्यवस्था केली होती. शेतकऱ्याची बायको येऊन बायकांना हाताला धरून ज्वारीच्या आडोशाला न्यायची. पुरुषांसाठी थांबा नव्हता. पुरुषांनी कुठेही बसावं, असं त्यांचं मत होतं.

मात्र एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. जागा नाही, असं कुणाला म्हटलं नाही. एकदा सोमवती अमावस्येची गर्दी होती. मोटारीत मुंगीला शिरायला वाव नाही. त्यात एक कुंभार, गळ्याच्या दुखण्याचा, शब्दही फुटत नसलेला, येऊन उभा राहिला. कंडक्टरनं कानावर हात ठेवले. नाकेदार मोटारीत चढले आणि यात्रेकरूंना म्हणाले, "क्षिप्रा नहा लिए? महाकाल के दर्शन हो गए? गठरी भर पुण्य लेके जा रहे हो. उसमें से एक जगह जितना इधर दे दो." कुणी हललं नाही. म्हातारा तिथेच उभा. मोटार सुटेना. शेवटी एक इंदूरकडचा शेतकरी वैतागून उतरला. त्याला नाकेदारांनी आपल्या खोलीवर नेलं, जेवू घातलं, आणि दुपारच्या मोटारीत बसवून दिलं. जाताना तो शेतकरी त्यांच्या पाया पडला म्हणतात. त्यांनी त्यालाही झिडकारलं असणार.

परतीची काळजी त्यांना जास्त. "जाताना माणूस हिमतीवर जाऊन जातो, येताना हिंमत दवाखान्यात ठेवून येतो," असं ते म्हणायचे. चारची मोटार सिकाईवाले आल्याशिवाय इंदुरातून हलवायची नाही, हे त्यांनी ड्रायव्हरकडून महाकालाची शपथ घालून कबूल करून घेतलं होतं. इकडे संध्याकाळी सहापासून ते टांगा घेऊन उभे. टांगेवाला ठरलेला, एक मुसलमान म्हातारा, त्यांच्याइतकाच तिरसट. त्याच्या टांग्यात कापसाची गादी, गादीवर ओली फडकी, एक लिंबू. टांगा गल्लीत शिरला की नाकेदार खाली उतरून घोड्याच्या पुढे चालायचे आणि वाटेतले दगड पायानं बाजूला सारायचे. पायातली चप्पल त्यामुळे सदा फाटकी. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं, हे कबूल केलेलं बरं.

हे सगळं ते का करत, यावर गावात एक गोष्ट होती. नाक्यावर असताना त्यांनी एका आजारी बाईची गाडी तपासणीसाठी अडवली, आणि ती बाई तिथेच कडुलिंबाखाली गेली. मी एकदा धीर करून विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तसं काही झालं नाही. झालं असतं तर मला ठाऊक तरी असतं. बावीस वर्षं गाड्या अडवल्या. कुणाला तासभर, कुणाला दिवसभर. आत कोण बसलंय ते कधी बघितलं नाही, डबे बघितले. त्यात कोण वाचलं, कोण मेलं, ते विचारायला मी कुणाच्या मागे गेलो नाही. आता कुणाला विचारू?" एवढं बोलून ते टांगेवाल्यावर खेकसायला निघून गेले.

पुढे मध्य भारतही मोडला, नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि आमच्या कचेरीतली निम्मी टेबलं माणसांसकट ट्रकांत चढली. मीही गेलो. नाकेदार वारल्याचं मला तिथे एका पोस्टकार्डानं कळलं. कार्ड टांगेवाल्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. त्यात एवढंच होतं की शेवटच्या दिवशीही सातची मोटार त्यांनी रवाना केली होती.

पण मला सांगायचं आहे ते मी भोपाळला जायच्या दोन वर्षं आधीचं. तेव्हा आम्ही फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागल्या गल्लीत राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि आई. वडील लहानपणीच गेलेले, माझं लग्न व्हायचं होतं. आईचं दुखणं पोटाच्या खालचं, बाईमाणसाचं. मला सांगायला तिला चार महिने लागले, आणि सांगितलं तेही शेजारच्या काकूंच्या तोंडून. आमच्या घरात बोलणं भरपूर होतं. भाजी महागली, गव्हात खडे फार, अमक्याच्या सुनेनं असं केलं. नेमकं जे बोलायचं ते मात्र आम्ही दोघंही दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून बोलायचो. तपासण्या झाल्या, आणि इंदूरच्या डॉक्टरांनी सिकाई लिहून दिली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, एकूण चोवीस वेळा. एकही चुकवायची नाही, चुकली तर मागची वाया जाते, असं बजावलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात चोवीस हा एकच आकडा होता. चोवीस झाल्या की आई बरी.

मी देवास गेटवर गेलो, ज्याला हसायचो त्याच्यासमोर उभा राहिलो.

"कोण आहे?"

"आई."

"बसवेल की आडवं लागेल?"

"बसवेल."

"लघवीला किती वेळानं जावं लागतं?"

मी पानवाल्याच्या दुकानाकडे बघायला लागलो.

"माहीत नाही? मग काय विचारून आलास? घरी जा, विचारून ये."

मी घरी गेलो, आणि शेजारच्या काकूंना विचारायला सांगितलं. काकूंनी विचारलं, मला सांगितलं, मी येऊन नाकेदारांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तूच विचारलंस?" मी हो म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं.

पहिला मंगळवार नीट पार पडला. गुरुवारी आई अडून बसली. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ, आणि इंदूर उज्जैनच्या दक्षिणेला. धडधाकट माणूससुद्धा गुरुवारी दक्षिणेला निघत नाही, आणि मी ही अशी, असं तिचं म्हणणं. मी डॉक्टरांचं नाव सांगितलं, चोवीसचा आकडा सांगितला, आवाज चढवला. "मग मंगळवारी परत येताना उत्तरेचा दिशाशूळ असतो, तो कसा चालला?" असा वकिली प्रश्नही टाकला. आई म्हणाली, "घराकडे यायला कसला आलाय दिशाशूळ!" तो गुरुवार वाया गेला. माझे डोळे भरून आले ते रागानं की भीतीनं, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी नाकेदार स्वतः आले. माणूस का आलं नाही, हे विचारायला ते कुणाच्याही घरी जायचे. मला वाटलं, आता आईवर ओरडतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे वहिनींचं. नियम आहे तो आहे. पण नियमात वाट असते की नाही? बुधवारी प्रस्थान ठेवून टाका माझ्याकडे."

हे मला सुचायला हवं होतं. वाईट दिवशी निघायचं असेल तर आदल्या दिवशी चांगल्या वेळेला आपली एखादी वस्तू घराबाहेर नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला, माणूस नुसतं मागून जाऊन आपली वस्तू गाठतो. आमच्या घरांतून हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आई लगेच उठली. सुपारी, हळकुंड, चिमूटभर तांदूळ, खणाच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी केली. तेव्हापासून दर बुधवारी ती पुरचुंडी माळीपुऱ्यात नेऊन द्यायची हे माझं काम झालं. नाकेदार ती दोन्ही हातांनी घ्यायचे, कोनाड्यात ठेवायचे, आणि गुरुवारी सकाळी मोटारीत आईच्या मांडीवर द्यायचे. वर म्हणायचे, "घ्या वहिनी, तुमचा माल. तपासला, ठीक आहे." आई हसायची. त्या दिवसांत तिला हसवणारे ते एकटेच होते.

गुरुवारची रजा मला मिळत नसे. तेव्हा तिच्याबरोबर तेच जायचे, शेजारी बसून. संध्याकाळी टांग्यातून उतरली तरी आईचं त्यांच्याशी बोलणं चालूच असायचं. एकदा मी विचारलं, "एवढं काय बोलता?" ती म्हणाली, "रस्त्याचं." मंगळवारी आणि शनिवारी मी बरोबर असलो म्हणजे ती खिडकीकडे तोंड करून बसायची. मीही दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायचो.

चौदा झाल्या. आई वाळत चालली होती. लुगड्याच्या निऱ्या वाढत होत्या. पण चौदा झाल्या म्हणजे दहाच राहिल्या, असं मी स्वतःला सांगायचो. पंधराव्या खेपेला, मंगळवारी, डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. आई बाहेर बाकावर बसली होती. ते म्हणाले, आता आणू नका. आतपर्यंत पसरलंय. उगाच त्या रस्त्याचे हाल कशाला? घरी ठेवा, खावंसं वाटेल ते द्या. मी बाहेर आलो. आईनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "ठीक आहे म्हणाले."

दुसऱ्या दिवशी बुधवार. आईनं नेहमीसारखी पुरचुंडी बांधून माझ्या हातात दिली. "लवकर नेऊन दे. गेल्या खेपेला दिवे लागेपर्यंत तुझ्याच खिशात होती."

नाकेदार खोलीच्या दारात बसून टांग्यातली फडकी धूत होते. मी त्यांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. दुसरं घेतलं, तेही पिळलं.

"वहिनींना सांगितलंस?"

"नाही."

"कधी सांगून राहिलास?"

"काका, माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही एवढंच म्हणा की मोटारीत जागा नाही. उद्या नाही, शनिवारी नाही. हळूहळू ती विचारायची बंद होईल."

त्यांनी ओले हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "नाक्यावर मी पुष्कळ वाईट केलं. पण रस्ता बंद आहे असं खोटं कुणाला सांगितलं नाही."

"खोटं कुठे आहे? तिच्यासाठी बंदच झालाय ना?"

हे वाक्य मी बोललो. स्वतःच्या आईविषयी बोललो. आज इतक्या वर्षांनी ते आठवलं की मला माझीच शरम वाटते. त्या वेळी मात्र मला आपण फार मुद्द्याचं बोललो असं वाटलं होतं. नाकेदारांनी वाद घातला नाही. "ठेव ती तिथे," एवढंच म्हणाले. मी पुरचुंडी कोनाड्यात ठेवली आणि सुटलो बुवा, असं मनाशी म्हणत कचेरीत गेलो.

संध्याकाळी आई ओसरीवर वाती वळत बसली होती. मी तिथेच होतो. नाकेदार आले, बसले नाहीत.

"वहिनी, उद्याच्या मोटारीत जागा नाही."

"बरं," आई म्हणाली. "मग शनिवारी जाऊ."

"शनिवारीही नाही."

आणि त्यांनी खिशातून पुरचुंडी काढून तिच्यासमोर कट्ट्यावर ठेवली.

प्रस्थान परत येत नाही. एकदा उंबऱ्याबाहेर गेलं की माणूस त्याच्यामागे जातं, माणूस जाणार नसेल तर ते देवळात ठेवतात, नदीत सोडतात. पण ज्याचं त्याच्या घरी आणून देत नाहीत. हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. नाकेदारांना ते माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या हाडीमासी दुसराच नियम मुरलेला होता, बावीस वर्षांचा: जो माल पुढे जाऊ द्यायचा नाही तो चौकीत ठेवून घ्यायचा नाही, धन्याच्या हाती परत द्यायचा. खोटं बोलायच्या घालमेलीत हात आपोआप जुन्या नियमानं चालला. पुरचुंडी खाली टेकल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती परत उचलायला हात पुढे केला, पण तोवर आईनं पाहिलं होतं.

तिनं पुरचुंडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे.

"डॉक्टर काय म्हणाले?" हे तिनं त्यांना विचारलं, मला नाही.

ते मान खाली घालून उभे राहिले. मी म्हणालो, "अगं, काही नाही. जागा नाही म्हणतायत ना काका."

"यांच्याकडे जागा नाही असं होत नाही," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. वातींचं तबक तिनं बाजूला सरकवलं. "बसा नाकेदारसाहेब. चहा ठेव रे."

ते बसले. मी आत गेलो, स्टोव्ह पेटवला. चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा आईनं वातींचं तबक पुन्हा पुढे ओढलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे लाल होते. आईचे कोरडे. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "तुला सांगवलं नाही, असू दे. मलाही तुला कधी काही सांगवलं नाही. पण त्या माणसाला कशाला रे खोटं बोलायला लावलंस?"

मी कपबशा उचलून आत नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची माफी मागायला देवास गेटवर गेलो. ते एका बाईला तिसऱ्या बाकावर बसवत होते. मी खाली उभा राहिलो. ते उतरले, मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "माझ्याकडे कशाला आलास? घरी जा. आईजवळ बस. तिला विचार काय विचारायचं ते." मी हो म्हटलं. घर पंधरा मिनिटांवर होतं. मी सायकल वळवली आणि कचेरीत जाऊन बसलो. साहेब अजून आले नव्हते, दारं उघडायची होती.

आई त्यानंतर सात आठवडे होती. संध्याकाळची मोटार आली, सिकाईवाले घरोघर पोचले की नाकेदार आमच्याकडे यायचे आणि ओसरीवर तिच्यासमोर बसायचे. पुष्कळ गोष्टी त्या दोघांत ठरल्या. कुठलं लुगडं नेसवायचं, मावशीला पत्र कधी टाकायचं, चक्रतीर्थाच्या स्मशानात न्यायचं तर कोणत्या रस्त्यानं, माझ्या जेवणाचं काय, माझ्यासाठी मुलगी कुणी बघायची. मला हे सगळं नंतर कळलं, कारण सगळं ठरल्याप्रमाणे झालं. त्या बोलण्यातलं एकच वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. आईनं विचारलं, "फार दुखेल का हो?" ते काय म्हणाले ते मला माहीत नाही. मी आत स्टोव्हला पंप मारायला लागलो. तो चांगला भरलेला होता, तरी मी पंप मारत राहिलो.